तिरकी रेघ

केमचीच्या चिखलात ओहोटीला होडी कुशीवर कलते,
तेवढेच पाच-सहा तास आपल्या हातात.
पंपाखालचा कॉफीचा डबा रात्रीत अर्धा भरलेला.
"थेंबच तर गळतात," एदिता म्हणते,
"पण तिथूनच हवा आत शिरते, आणि सकाळी
इंजिनला चार शिव्या जास्त द्याव्या लागतात."

पंप सोडवण्याआधी मी खूण शोधतो.
छिन्नीच्या तीन रेघा, केसाकेसाच्या अंतराने.
कोणती धरायची?
"तिरकी. तो डावखुरा होता."

थ्रॉटलच्या दांड्यावर ओ-रिंग नाहीच,
हाताने कापलेली काळी चकती.
अकरा वर्षं तिने डिझेल अडवून धरलं.
मग नवं डिझेल आलं, गंधक काढलेलं,
तेव्हा कुठे आक्रसली.
एदिता ती नखाने वाकवून बघते.
"म्हणजे गमबूट उंदरांनी नव्हता कुरतडला माझा."

नवी रिंग पोर्तो माँतहून बसने आलेली, तपकिरी.
दांडा घासला, व्हॅसलीन लावलं,
श्वास रोखून आत सरकवली.
तिरक्या रेघेची दोन अर्धुकं जुळवून बोल्ट आवळले.
मग हातपंप. बुडबुडे, बुडबुडे,
अजून बुडबुडे,
मग नुसतं डिझेल.

पाणी चढलं. दुसऱ्याच फेरीला इंजिन बोललं.

डबा मात्र तिने काढला नाही.
सकाळी होडीतून ओरडली, "कोरडा आहे!"
आणि मी दोर सोडेपर्यंत
पुन्हा एकदा, हळू, डब्यालाच,
"कोरडा आहे."