बेचकं

चैत्रात आमच्या गोठिवलीत गावदेवी घराबाहेर पडते
आणि मी तिच्या पंधरा पावलं पुढे चालतो,
पाठ तिच्याकडे, मान वर.
हातात कळकाची काठी, शेंड्याला बेचकं,
बेचक्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली.
आजा सांगायचा, करंट आणि देव,
दोघांनाही ओल्या हातानं शिवू नये.
त्यानं याच काठीनं भेंडीच्या फांद्या बाजूला धरल्या.
माझ्या वाट्याला वायरी आल्या.

गल्ली रुंदीला आठ फूट,
अब्दागिरीचा कळस चौदा फुटांवर.
मधल्या अंधारात माझा धंदा लोंबतो.

वायरी मला तोंडपाठ आहेत.
ही हिराजीकाकाची; तो गेला आणि क्रिकेटचं पॅकेज बंद झालं.
ही एका घरातून दुसऱ्या घरात चोरून ओढलेली,
मी पाहिली, बोललो नाही.
ही भाडेकरूंची. दर अकरा महिन्यांनी माणसं नवी,
गाठ तीच.
ही बामीबायची.
ती मालिका बघता बघता गेली,
आवाज सकाळपर्यंत चालू होता.

मागे घुंगरं दाट वाजायला लागली की ओळखायचं, आली.
"वर घे रं, पदू!"
वर घेतो.
कळस सरकतो, वायर सोडतो, पुढची धरतो.
दारोदार परात, भोयांच्या पायांवर पाणी,
डांबरावरून हळदीचा ओघळ गटाराकडे.
धवलारीण सोनूबाय बेंजोच्या गोंगाटात
ओठ हलवत राहते.
तिचं गाणं ज्याला ऐकायचं
त्यानं तिच्या अगदी शेजारी चालावं.
मी नेहमी पुढे असतो.

गाव संपतं तिथं सेक्टर सुरू होतो.
एकोणीस मजली टॉवर, पोटात पार्किंग.
इथंच खाजणाची उघाडी होती,
भरतीला आत घ्यायचं की नाही
हे ठरवणारं एक लाकडी दार.
दार गेलं, खाजण गेलं,
पालखी मात्र इथं तीनदा वाकते,
इमारतीपुढे नाही, त्या दारापुढे.
पहिल्या वर्षी रखवालदार रामसजीवनने
देवीचा गेटपास मागितला होता.
आता तो बटण दाबतो, आडवा दांडा वर जातो,
आणि मोटरचा भरवसा नाही म्हणून
पालखी वाकून उठेपर्यंत तो हातानं धरून ठेवतो.
आमची ओळख तेवढीच.
दोघंही काहीतरी वर धरून उभे,
मानेनंच विचारतो, बरं आहे ना.

लेक म्हणाली, पप्पा, सगळ्या फोटोंत तुम्ही आभाळाकडे बघताय.
देवीचं तोंड बघितलंत का कधी पालखीत?
बघितलंय.
एकदाच, एटीएमच्या काचेत.
नथ भलत्याच नाकपुडीत.
आत एक माणूस नोटा मोजत होता
आणि ती त्याच्या खांद्यावरून बघत होती.
मी पुन्हा वर बघितलं.
तेवढ्यात एक वायर अब्दागिरीच्या झालरीत अडकली,
भोयांनी शिव्या घातल्या.
बरोबर होत्या.

आता खरं ते सांगतो.
यातल्या बहुतेक वायरी मेलेल्या आहेत.
लोक फायबरवर गेले, मोबाईलवर गेले.
फायबर जमिनीखालून जातं,
त्याला कुणी उचलून धरावं लागत नाही.
माझं दुकान दोन वर्षं शटरखाली आहे.
बामीबायच्या घरात आता जिम आहे
आणि तिची वायर अजून खिडकीच्या गजाला बांधलेली.
महापालिकेची नोटीस आली, लोंबत्या तारा काढा.
कटर पिशवीत आहे.
शिडी अनंताकडे आहे, तो कधीही देईल.

काढीन.
म्हटलं, एवढी पालखी होऊ दे.

मागच्या चैत्रातही
हेच म्हटलं होतं.