वजन कुठी आहे तिच्यात

मे महिना. सावदा. छत तापून खोलीत उतरलंय.
लॅपटॉपखाली केळीच्या सोपटाचे दोन पट्टे,
त्यांचा गारवा संपला की भाऊ बागेतून नवे आणून टाकतो,
काय चाललंय ते विचारत नाही.

मी एक टेम्पो पळवतेय.
लाल. तीनशे बारा त्रिकोणांचा.
घर्षण शून्य पूर्णांक आठ ठेवलं की रस्त्याला चिकटतो गोचिडासारखा,
सहा केलं की पहिल्याच वळणावर
थेट सातपुड्यात.
सातपुडा अजून नुसता निळा पुठ्ठा,
टेम्पो त्याच्या आरपार जातो
आणि पडत राहतो, पडत राहतो,
जगाला मी तळच दिलेला नाही.

भाड्याच्या हिशोबाला लुकमान तडवी आले होते,
तीस वर्षं केळी दिल्लीला नेलेला माणूस.
कंट्रोलर त्यांच्या हातात दिला.
एका अंगठ्याखाली दोन बटणं दबायची.
एक फेरी. दुसरी. खाली ठेवला.
"हे गाडी नाही बाई, हे त साबन आहे.
वजन कुठी आहे तिच्यात?"

मग स्टुलावरचा काठोकाठ भरलेला तांब्या
त्यांनी झटक्यात वळवला.
"गाडी वळते तव्हा माल नाही वळत.
तो सरळच जाऊ राह्यला असते.
मंग त्याले समजते,
तवरोक गाडी सरळ झालेली.
त्या मधातच डायव्हरची रोजी."

फरशीवरचं पाणी तसंच सुकलं.
रात्री वीज दोनदा गेली.
तिच्या येण्या-जाण्याच्या मधात
टेम्पोच्या पोटात मी एक न दिसणारा गोळा टांगला स्प्रिंगला,
सव्वीस फ्रेम उशिरा शहाणा होणारा.
टेम्पो पहिल्यांदाच कलला.
खुर्चीत मीही.

रस्ता मात्र खोटा काढावा लागला.
सावदा ते पाल आधी नकाशावरून जसाच्या तसा आखला होता,
खेळताना मलाच झोप आली.
खरं वळण तिथं येतं जिथं नाला आडवा आला,
किंवा कुणी बांध सोडला नाही.
खेळातलं वळण
बोटांना कंटाळा यायच्या अर्धा सेकंद आधी.
म्हणून पालचा घाट ओढून गावाजवळ आणला,
सुकी नदी दोनदा ओलांडायला लावली,
आणि एक रेल्वे फाटक, दर तिसऱ्या फेरीला बंद.
भाचा चिडतो. चिडू दे.

लुकमानभाई पुन्हा आले ते आषाढात.
घाटाच्या तिसऱ्या वळणावर
त्यांनी ब्रेक लावला. सगळे पुढे निघून गेले.
"इथी कठडा नाही?"
नाही. खाली गेली तरी तीन सेकंदांत
गाडी परत रस्त्यावर येते.
"कोन्हाची बी?"
कोणाचीही.

टेम्पो त्यांनी हळूच मागे घेतला,
नीट, आरशात बघावं तसा,
आणि सोडून दिला कडेवरून.
एक, दोन, तीन, ते मोजत होते.
टेम्पो आला. लुकलुकत, मालासकट.
पुन्हा सोडला. पुन्हा मोजलं.
"किलिंडर बी येतो संगं?"

केबिनमध्ये मी एकच सीट काढली होती.

आता दुसरी काढलीय. तिच्यावर कोणी बसवलेलं नाही.
आकडे तेवढे बदलले:
वजन जरासं डावीकडे.