एकच काठी

वाइनो कांगस फेब्रुवारीत आला,
बूट आपटून बर्फ झाडला,
स्टोव्हपाशी उभा राहिला आणि म्हणाला, एकच हवी.
सगळ्याला चालणारी.

असं सगळेच म्हणतात.
नदीतला स्टीलहेड, तळ्यातला बास,
अंधार पडल्यावर काठाशी येणारा वॉलाय,
नातवंडं आलीच तर त्यांच्यापुरता पर्च,
सगळं एका काठीवर.
बारा गावचं पाणी प्यालेली काठी
कारखान्यातून येत नाही, वाइनो, मी म्हटलं.
पण सुपीरियर गोठलेलं असताना
आलेलं गिऱ्हाईक मी परतवत नाही.

कोपऱ्यात कोऱ्या काठ्या उभ्या.
कड्या नाहीत, मूठ नाही, रिळाची बैठक नाही,
नुसता काळा कार्बन
आणि बुंध्याशी पांढऱ्या शाईत कारखान्याचं मत.
ते मी मत म्हणूनच वाचते.

पहिली त्यानं हवेत हलवली,
छान आहे म्हणाला.
हलवल्यावर सगळ्याच छान असतात,
हवेला वजन कुठं असतं?

मी बुंधा शिकंज्यात आवळला,
शेंड्याला प्लास्टिकची पिशवी बांधली
आणि बरणीतल्या पेनी एकेक करून टाकत गेले.
लांबीच्या तिसऱ्या हिश्शाइतका शेंडा खाली आला
की थांबायचं, आकडा लिहायचा.
वाइनो मोजत होता, ओठांतल्या ओठांत, फिनिशमध्ये,
त्याची आई बाजारात अंडी मोजायची तसं.
एक्केचाळीसला ती लोळलीच.

दुसरीनं बरणी रिकामी केली
आणि जेमतेम मान हलवली.
मोडेन पण वाकणार नाही, असल्या जातीची.
तसल्या काठीनं
मासा घरी आणलेला मी तरी पाहिला नाही.

तिसरी गेल्या वर्षीची, रंग उडालेली,
कडेला एक ओरखडा, म्हणून किंमत उतरवलेली.
सात फूट. पाव ते पाऊण औंसाचं आमिष फेकेल,
हलक्या दोऱ्याला तोडणार नाही,
जड माशाला भिणार नाही.
चौऱ्याण्णव.
शेंडा आधी वाकला, मग पोट,
बुंधा बघत राहिला.

बघू, म्हणाला, आणि उजवा हातमोजा काढला.

बावीस हिवाळे ओळखते मी त्याला,
सगळे हातमोज्यांतले.
करंगळी नव्हती, तिच्या शेजारचं बोट नव्हतं.
लाकूडगिरणी, म्हणाला, जुनी गोष्ट.
मग बऱ्याच वेळानं:
प्रत्येक काठीला हा हात नव्यानं शिकवावा लागतो.
आता एकदाच शिकवीन म्हणतो.

मी काही बोलले नाही.
मापाची पट्टी काढली.
रिळाची बैठक दीड इंच मागे,
कॉर्क जाड, खालून किंचित कोरलेला,
तीन बोटांना टेकायला जागा हवी.
बुंध्याकडून थोडं कापावं लागेल.
बुंध्याकडून कापलं तर उंची जाते फक्त,
शेंड्याकडून कापलं तर स्वभाव जातो.

राहिला कणा.
प्रत्येक काठीत एक बाजू हट्टी असते,
डोळ्यांना दिसत नाही.
बुंधा फरशीवर, शेंडा तळव्यात,
मधोमध दाबायचं आणि हळूहळू फिरवायचं.
मी करू, त्यानं विचारलं.
त्याच हातानं केलं.
फिरता फिरता काठी टुणकन उडाली,
आपल्या जागी बसली.
वाइनो दचकला, हसला, पुन्हा फिरवली.
पुन्हा. चार वेळा.
मी पेन्सिलीनं खूण केली,
कड्या तिथून ओळीत जातील.

दोरा कुठल्या रंगाचा, मी विचारलं.
कुठलाही. माशाला काय त्याचं.
पैसे मोजले, हातमोजा चढवला, गेला.

पिशवीतल्या पेनी बरणीत ओतत होते
तोच दार पुन्हा उघडलं,
गार वारा, अर्धा चेहरा:
हिरवा, म्हणाला.
फार गडद नको.