सुनावणी

यंत्र एक लाख चौऱ्याऐंशी हजारांचं,
हरभऱ्याएवढं.
कानात घातलं की शिट्टी.
कुकरची नव्हे, डासानं इंजिन बसवून घ्यावं तशी.
गणपती पेठेतला दुकानातला पोरगा म्हणाला,
"काका, सवय होईल."
आठ महिने झाले. शिट्टीला माझी झाली,
मला तिची नाही.

मग वॉरंटीचा कागद काढला.
भिंगाखाली कलम एकोणीस:
वाद झाल्यास लवाद.
लवाद कोण? कंपनी नेमील तो.
बसणार कुठे? पुण्याला, कंपनीच्याच कचेरीत.
त्रिशलाला म्हटलं, परत वाच.
तिनं ओरडून वाचलं.
खालच्या मजल्यावरच्या आरवाड्यांना कलम पाठ झालं.

चाळीस वर्षं मार्केट यार्डात मुनीम होतो,
हळदीच्या धुळीत.
थोरले सांगायचे, पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा.
दोन हात, वर मांजरपाटाचं फडकं;
तोंडं पावसापाण्याचं बोलायची,
बोटं भाव करायची.
मध्ये दलाल. तो दोघांकडून घ्यायचा,
म्हणून दोघांचा असायचा.
एकाकडूनच घेतो अशी नुसती कुणकुण आली
तरी दुसऱ्या दिवशी त्याच्या रुमालाखाली
कुणी हात घालत नसे.
मला एवढाच कायदा येतो.

कंपनीचं पत्र आलं. लवाद ठरला:
अमुक अमुक, पूर्वी कंपनीचेच सल्लागार,
"पूर्णतः निःपक्षपाती".
पूर्णतः ठळक अक्षरात.
यार्डातल्या काट्यावर
असं कुणी लिहिलेलं मी पाहिलं नाही.

सगळे म्हणाले, ग्राहक आयोगात जा, सरळ रस्ता आहे.
शिकलगार वकीलबाईसुद्धा म्हणाल्या.
पण कागदावर सही माझी. भूपाल बाबगोंडा मगदूम, पूर्ण.
सही केलेला सौदा मी मोडत नाही.
लवाद तर लवाद,
फक्त माप त्यांच्या घरचं नको.
बाई हसल्या, काहीतरी बोलल्या.
मीही हसलो.
काय बोलल्या ते अजून विचारलेलं नाही.

म्हणून कोल्हापूर.
सकाळची एस.टी. अंकलीच्या पुलाखाली कृष्णा
गढूळ, भरलेली, आणि माझ्यापुरती मुकी.
हायकोर्टाचा बाक, अर्ज नंबर एक्केचाळीस.
यंत्र पुराव्याच्या पाकिटात, लाखेनं बंद.
न्यायमूर्तींचे ओठ हलत होते.
पडद्यावर कंपनीचा वकील हलत होता,
मध्येच गोठत होता, पुन्हा हलत होता.
सुनावणी माझी,
आणि तिथं काही ऐकू न येणारा मी.

तेव्हा फाईलखाली त्रिशलानं माझा हात धरला.
तीन बोटं: त्यांनी तीन नावं दिली.
मूठ: तिन्ही गेली.
मग बराच वेळ काही नाही.
तिचा तळवा घामेजला, का माझा, कळेना.
मग एकेक अक्षर, सावकाश,
ती पहिलीत असताना मी पाटीवर काढून द्यायचो तसं:
प. रु. ळे. क. र.
खाली एक रेघ. बाई. निवृत्त जज.
आणि शेवटी नुसतं "सां".
बैठका सांगलीत.
मी तिचं बोट घट्ट धरून ठेवलं,
पुढचं "गली" तिला लिहिता आलं नाही.

परुळेकरबाई कोण, मला माहीत नाही.
त्यांना मी माहीत नाही.
हेच पाहिजे असतं म्हणे.
हुकुमात आहे, फी दोघांनी निम्मी निम्मी भरायची.
त्रिशला चिडली: आपण का?
मला सगळ्या हुकुमात तीच ओळ आवडली.

जिंकलेलं काहीच नाही अजून.
कुकर झाला की आरवाडे वर येऊन सांगतात.
काल बाईंचं पहिलं पत्र आलं, मराठीत, मोठ्या अक्षरात:
बैठकीत आपणास काही विशेष सोय हवी असल्यास कळवावे.
मी लिहिलं, एक रुमाल.
मग ते खोडून लिहिलं,
कृपया मोठ्याने बोलावे.