उजव्या अंगाला

नागभीडच्या बाजारात ती बाई
पैसे मोजून झाल्यावरही कोंबडी सोडेना.
नोटा कमरेच्या बटव्यात गेल्या,
अंगठा मात्र पंखाखाली तसाच.
मग म्हणाली, "तिले उजव्या अंगाले बसाची सवय हाये,
भिंतीजवळ. ध्यानात ठेवजो."
मी हो म्हटलं.
अशा वेळी हो म्हणतोच माणूस.

बसमध्ये पिशवीतून मान बाहेर,
लाल, उघडी, पिसं नसलेली.
कंडक्टर म्हणाला, "हिचं तिकीट?"
हसणाऱ्या प्रत्येकाकडे ती
एकेका डोळ्याने बघत राहिली.

घरी तिला अंगणात सोडली नाही.
दिवसाउजेडी नवी कोंबडी सोडणं म्हणजे
तिला चावडीवर उभं करणं.
टोपलीखाली ठेवली, वर वीट,
आत मूठभर कणी, करवंटीत पाणी.
आमची सरपंचीण तीनदा फेरी मारून गेली,
माती उकरत, जशी काही
तिथेच तिचं काहीतरी पुरलेलं.

दिवेलागणीला आमच्या पाच जणी चढल्या
तट्ट्याच्या खुराड्यात. बांबू एकच,
पायांनी घासून गुळगुळीत झालेला.
सरपंचीण मधोमध, बाकीच्या तिला खेटून,
लंगडी सगळ्यांत शेवटी.
आणि लंगडीच्या उजवीकडे, भिंतीला लागून,
वीतभर जागा रिकामी.

तिथे काळी बसायची.
पोळ्याच्या आदल्या रात्री मुंगसाने नेली.
फळी लावायची मीच विसरले होते.
तेव्हापासून पाचही जणी दाटीवाटीने बसतात,
ती जागा मात्र घेत नाहीत.
कोंबडीला मोजता येत नाही म्हणतात.
म्हणोत.
बाजारातल्या बाईला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

जेवणं झाली. बाजेवरून पतिराम म्हणाला,
"ठेवून दे ना आता, काऊन थांबली?"
"झोप लागू दे त्यायले."
मग टॉर्चच्या काचेवर बोटं धरली.
बोटं लाल झाली, तेवढा उजेड पुरला.

पायाची सुतळी कापली.
वळ उठला होता, खोबरेल लावलं.
छातीशी धरली तर आत
धानाची गिरणी चालू.
गुडघे टेकून खांद्यापर्यंत हात घातला
त्या उबट, आंबूस अंधारात
आणि तिचे पंजे बांबूला लावले.
धरेना.
पुन्हा लावले.
लंगडीने झोपेतच अंग चोरलं,
चोरलं, पण सरकली नाही.

मी हात काढला नाही.
कोपराला डास, बोटांना मुंग्या.
बऱ्याच वेळाने एकेक नखी मिटत गेली,
तिने बांबू धरला
आणि वजन माझ्या तळव्यावरून उतरलं.
इतकंसं होतं ते,
तरी हात बराच वेळ रिकामा वाटला.

फळी लावली. फळीला दगड.
परत येऊन दगड हलवून पाहिला. दोनदा.

मध्यरात्री उठून तट्ट्याला कान लावला.
आत कुणीतरी विचारल्यासारखं क्रुक केलं,
कुणीतरी थोड्या वेळाने उत्तर दिलं.
कोण ते अंधारात कळलं नाही.

सकाळी सरपंचिणीने टोच मारलीच एक,
हिशेबापुरती.
नवी दोन पावलं मागे सरली,
मग करवंटीत चोच बुडवून
आभाळाकडे बघत पाणी प्यायली.

पुढच्या बाजारी त्या बाईला शोधीन.
घ्यायचं काही नाही.
नुसतं सांगायचं,
भिंतीजवळच बसली.