चौतीस पटाश्या

सकाळी नऊला मी पटाश्या वाटतो.
सही घेतो, नाहीतर अंगठा.
नाशिकरोडच्या या भिंतीआड,
सुतारकामाच्या शेडमध्ये,
ज्यांच्या हातून माणूस गेला
त्यांच्याच हातात धारेचं पोलाद द्यायचं,
ही माझी नोकरी.
पाचला ते मोजून परत घ्यायचं,
हीसुद्धा.

देवळालीकडून तोफांचा सराव ऐकू येतो.
नवे कैदी दचकतात.
जुने रंधा थांबवत नाहीत.

मार्चमधल्या एका शुक्रवारी
तेहेतीसच भरल्या.
पुन्हा मोजल्या. तेहेतीस.
भुसा चाळला, गटाराची झाकणं उचलली,
बहात्तर माणसांच्या वळकट्या
अंगणात उलगडून झटकल्या.
एकातून फक्त मुलीची दहावीची गुणपत्रिका पडली.
ती मी घडीवर घडी घालून परत दिली.

शेवटची सही पुंजाराम गांगुर्डेची होती.
"बाकावर ठेवली होती साहेब.
खण बसवत होतो."
मी लिहिलं : खुलासा समाधानकारक नाही.
खोटं नव्हतं ते.

त्याच आठवड्यात त्याच्या रजेचा कागद फिरत होता.
निफाडहून अहवाल आलेला :
मयताच्या भावाची हरकत आहे.
आणि हवालदाराने, का कोण जाणे,
त्याचं पुढचं वाक्यही उतरवून घेतलेलं :
"आमचा दामू कधी यायचा रजेवर,
तेवढं विचारून सांगा."

रजा नामंजूर झाली.
कारणाच्या रकान्यात दामू नव्हता.
माझी पटाशी होती.

जूनमध्ये कोर्टातून फोन आला,
तुमच्याकडच्या नव्या टेबलाचा खण
शेवटपर्यंत आत जात नाही.
मी स्वतः गेलो. खण ओढून काढला.
मागे, पट्टीच्या बेचक्यात,
चौतिसावी.
धार जशीच्या तशी.

तीन महिने
त्या टेबलावर
कुणाकुणाचं काय काय ठरलं असेल.

पुंजारामला सांगितलं तेव्हा
तो लाकडाची शीर बघत होता.
"म्हणजे भरल्या ना चौतीस,"
एवढंच म्हणाला
आणि रंधा उलटा धरून पातं ठोकू लागला.
मला वाटलं होतं, शिवी देईल.
दिली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या साली पुन्हा तोच फॉर्म.
पळून जाण्याची शक्यता : आहे / नाही.
माझी पोरगी रात्री साडेनऊला
जेलरोडवरून एकटी स्कूटीवर येते.
ती आठवली. दामूचा भाऊ आठवला.
टेबलाचा खणही आठवला.
पेन बराच वेळ हवेत होतं.
मग 'आहे' खोडलं.

एकवीस दिवस.
दिंडोरीत बहिणीकडे राहायचं,
निफाडची हद्द ओलांडायची नाही.
मला त्या एकवीस रात्री
नीट झोप लागली असं म्हणणार नाही.

विसाव्या दिवशी दुपारी तो गेटवर उभा.
हातात द्राक्षांची पेटी,
बहिणीच्या मालकांच्या बागेतली.
बाहेरचं खाणं आत चालत नाही.
मी नियम सांगितला.
तरीही पेटी उलटी केली,
तळाचा कागद वर करून पाहिला.
तो शांतपणे बघत राहिला,
जसा लाकडाकडे बघतो तसा.

दुसऱ्या दिवशी नऊला त्याची सही घेतली,
पटाशी दिली.
पाचला मोजल्या.
चौतीस.

पुन्हा मोजल्या.