खोलीचा आवाज

शॉट ओके झाला. नायिका निघाली.
तिची गाडी फेरीच्या रांगेत लागलीसुद्धा.
सगळे केबल गुंडाळायला वाकले,
तेव्हा मी कानांवरचे हेडफोन न काढता म्हटलं,
थांबा. खोलीचा आवाज घ्यायचाय.
एक मिनिट. हलू नका कुणी.

दरवेळी कुणीतरी विचारतंच,
रिकाम्या खोलीला कसला आलाय आवाज?

दिवाडीतलं भाड्यानं घेतलेलं घर,
शिंपल्यांची तावदानं, बाहेर खाजणातलं पाणी चढत आलेलं.
अठरा माणसं होती तिथेच थिजली.
म्हाळू सुतार खोट्या भिंतीला खांदा लावून,
(तीच भिंत, चहाचं पाणी मारून मारून
तीन दिवसांत साठ वर्षांची केलेली).
सुलक्षाच्या हातात मेणबत्ती,
फुटपट्टीनं मोजलेली, सव्वातीन इंच,
कारण पडद्यावरची रात्र उद्या सकाळी पुढे चालू होणार
आणि तेव्हाही ती सव्वातीनच हवी.

एकोणिसाव्या सेकंदाला पदेर आला,
सायकलचा भोंगा, पों पों.
कट.
दुसऱ्यांदा फोकस धरणाऱ्या पोराचं पोट गुरगुरलं.
दुपारी वाढप्यानं त्याला विसरलं होतं.
सगळे हसले, तो सोडून.

तिसऱ्यांदा बसलं.

ओठांत सात टाचण्या धरून
आवेलिन नाकानं श्वास घेत होती.
दिवे गार होताना पत्रा बोलतो: टिक्,
मग बराच वेळ काही नाही, मग टिक्.
वर फळीवर पाय दुमडून बसलेल्या बिलालचा घाम
खाली पडला, टप्प.
तोही घेतला मी.

आणि तेवढ्यात दारात कायतान.
जनरेटरवाला. त्याचं यंत्र गुरगुरतं
म्हणून दोनशे पावलं दूर, फणसाखाली उभं करतो आम्ही,
आणि त्याच्यासोबत त्यालाही.
एकवीस दिवसांत त्यानं एकही शॉट पाहिला नव्हता.
आज यंत्र बंद करून, डिझेलचे हात पुसत
पहिल्यांदाच आला,
तर सगळे पुतळे. माना खाली.
त्याला वाटलं, कुणीतरी गेलं.
त्यानं टोपी काढली, हळूच खूण केली
कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा,
आणि एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर,
असा उभा राहिला, श्वास धरून.

मी बटण दाबलं नाही.
मिनिट संपून अकरा सेकंद झाले होते.

सिनेमात आई गेल्यावर नायिका खिडकीशी बसते.
बेचाळीस सेकंद. संवाद नाही, संगीत नाही.
पेपरात लिहून आलं,
तिचं मौन किती बोलकं आहे.
फोंड्याला मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकलं ते मौन:
सात टाचण्या, पत्रा, घाम,
शेवटी शेवटी डिझेलच्या हातांनी धरलेली टोपी.
टोपीला आवाज नसतो, हे मलाही कळतं.

नावं आली तेव्हा दिवे लागले होते,
लोक चपला शोधत होते.

कायतान आता बोटीवर असतो.
कुठल्याशा समुद्रातून त्याचा फोन आला,
मेसमधल्या टीव्हीवर लावला होता म्हणे आपला पिच्चर,
पण शेवटी कुणीतरी चॅनल बदललं.
"म्हजें नांव आयिल्लें?"
आलं होतं, म्हटलं. दोन सेकंद. आडनाव चुकवलंय.
मग त्याला खिडकीचं सांगितलं.
मागे घे, म्हटलं, कान लाव, तू आहेस तिथे.

तो काही बोलला नाही.
मीही नाही.
त्याच्या पाठीमागे बोटीचं इंजिन चाललं होतं,
जाड, सलग, न थांबणारं,
आणि त्याला दूर फणसाखाली ने
असं म्हणायला
कुणीच नव्हतं.